यमुताईचा रुपया काही संपेना

हिंगणा रोड, नागपूर
मंगळवार

चि. रुपराव यास,

सगळ्यात पहिले आले ते तुहे गिऱ्हाईक. मी हळदीकुंकू चारचं ठेवलं होतं, अन् हे दोघं अडीचलेच दारात उभे. मी पातळाले पिन लावून राहिली होती, तशीच गेली दार उघडाले. पोरगा अमोल, त्याच्या हातात मोजायचा टेप. पोरगी नंदिनी, केस पोराइतकेच बारीक कापलेले, पण कपाळावर बारीकशी टिकली होती, म्हणून मले बरं वाटलं. दोघं नवराबायको आहेत की नुसते संगं काम करतात ते मी विचारलं नाही. (विचारलं. पोरगी नुसती हसली.) रामदासपेठेत कॉफीचं हॉटेल काढून राहिले, अन् तिथं कोपऱ्यात ठेवाले तुही ती रुपया टाकून खेळायची मशीन पाहाले आले. तुले माहीतच आहे, तूच पाठवलं.

थांब, आशीर्वाद राहिलेच. तुले, सूनबाईले अन् लेकरायले अनेक आशीर्वाद. तुह्या गुडघ्याचं कसं आहे? तेल लावत जा, नुसतं त्याच्याकडे पाहत नको बसू. इकडे तुहे दाजी मजेत आहेत, कान तेवढे आणखी गेले. माहं मोडलेलं मनगट आता चांगलं वळते, ते कसं वळाले लागलं हे पुढं येईनच. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मले दोन वाक्यं बोलू देत नाहीस, अन् मले तुहे आभार मानायचे आहेत. त्याले जागा लागते. चौथीच शिकली, चुका तू मनातल्या मनात दुरुस्त कर.

पहिले माफी मागते. इतवारीतलं तुहं गेमचं दुकान बंद झालं तवा "ताई, दोन महिने ठेव" म्हणून तू हे कपाटाएवढं धूड माह्या समोरच्या खोलीत आणून उभं केलं, त्याले अठरा वर्षं झाली. अठरा वर्षं मी तुले रोज एक शिवी दिली. (सणाच्या दिवशी नाही.) त्याच्यावर पापडाचे डबे ठेवले, जुनं लुगडं पांघरलं, तर एका पाहुण्याले वाटलं देवघर आहे, त्यानं चपला काढून हात जोडले. मी म्हटलं भावाची वस्तू आहे, पुजली तर पुजली.

मंग मागच्या महिन्यात तुहा फोन आला की गिऱ्हाईक सापडलं, चालू आहे का पाहून ठेव. मी वायरमन रामाजीले बोलावलं. त्यानं मागची फळी काढली, आतून एक वाळलेली पाल काढली, काय काय वायरी जोडल्या, अन् चित्र आलं, पण सगळंच हिरवं. रामाजीनं बाजूनं एक थाप मारली तवा त्यातलं एक गोल तोंड पिवळं झालं. आता रुपया टाकाचा तर आजकालचा रुपया खालच्या खालीच पडे. रामाजी म्हणे, जुना जाडा रुपया पाहिजे काकू. जुना जाडा रुपया आजकाल कोणाजवळ राहते? माह्याजवळ होता. दर वर्षी महालक्ष्म्यायच्या पूजेत सुपारीखाली जो रुपया ठेवते, तो मी पितळी डब्यात जपून ठेवला आहे. पूजेचा रुपया बाजारात देता येत नाही. पण भावाच्या मशीनमध्ये टाकला तर तो घरातल्या घरातच राहिला नं? असं म्हणून मी एक टाकला. चालू आहे की नाही तेवढं पाहाले.

रुपराव, इतकी वर्षं तू दुकानात बसून पोरायच्या अंगावर ओरडत होतास, पण यात काय आहे हे तू मले एकदा तरी सांगाचं. एक तोंड आहे. त्याले गल्लीबोळातले सगळे दाणे खाचे आहेत. एका दांडीनं त्याले वर, खाली, इकडं, तिकडं वळवाचं, अन् चार भुतं मागं. लाल भूत आपल्या मागंमागंच येते, माह्या मोठ्या जावेसारखं. गुलाबी मागं येत नाही, पुढच्या वळणावर आधीच जाऊन उभं राहते, म्हणजे आपली मावशी, लग्नाचं विचाराले. नारंगी जोरात अंगावर येते अन् जवळ आलं की कोपऱ्यात पळते, हे तू लहानपणी. (राग मानू नको.) निळं काय करन ते त्याले बी माहीत नाही. चार कोपऱ्यात चार मोठे दाणे आहेत, त्यातला एक खाल्ला की भुतंच घाबरतात, मंग आपण त्यायच्या मागं लागाचं. पण थोडाच वेळ. अन् सगळे दाणे खाऊन झाले की बक्षीस काय, तर तेवढेच दाणे परत, अन् भुतं आणखी जोरात. रोजच्या स्वयंपाकासारखंच आहे, म्हणून मले लवकर समजलं. डॉक्टरनं मनगटासाठी रबराचा चेंडू दाबाले दिला होता, तो कुठं गेला देवाले माहीत. त्या दांडीनंच मनगट वळाले लागलं.

तवाच माह्या डोक्यात आलं की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाले वाण म्हणून हेच द्याचं. प्लास्टिकचे डबे देऊन देऊन गल्लीत एकमेकींचेच डबे फिरून राहिले, मागच्या साली मीच दिलेला डबा मले परत आला. म्हणून यंदा एकेका बाईले सुपारीखालचा एक रुपया अन् एक डाव.

आता यमुताईचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. आमच्या भिंतीपलीकडं राहते ती. तिचे गिरिधरराव गेले त्याले तीन वर्षं झाली, तवापासून ती कोणाच्या हळदीकुंकवाले जात नाही. बोलावलं तर तिचं तोंड एवढंसं होते, नाही बोलावलं तर मले घास गोड लागत नाही. पहिले रोज दुपारी याची, तेही बंद झालं. यंदा मी भिंतीवरूनच म्हटलं, यमुताई, वाण खेळाचं आहे, कुंकवाचं काही मनावर घेऊ नका. ती म्हणे, "बघायला येईन हो, पण मला काही देऊ नका." अन् आली, विणकामाची पिशवी घेऊन. दाराजवळच बसली, म्हणजे लवकर उठता येईन.

नंदिनीले बी मी हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, हातात रुपया दिला. घरात आलेल्या बाईले तसंच कसं सोडाचं? अमोल टेप घेऊन उभाच. तो म्हणे, "काकू, आमच्यासाठी बंद असली तरी चालते. आम्हाले नुसती शोसाठी पाहिजे." मी त्याले चिवडा दिला.

पहिल्या तीन बायका तर मशीनजवळ गेल्या अन् मेल्या. (खेळात.) एकीनं भूत दिसल्याबरोबर दांडी सोडून तोंडावर पदर घेतला. पण यमुताई सुया खाली ठेवून पाहून राहिली होती. मंग माह्या कानात म्हणते कशी, "मनकर्णाबाई, ही भुतं दर डावाला तशीच वळतात. वीण आहे ही. चार सुलटे, दोन उलटे." मी तिच्या हातात रुपया ठेवला. ती मागं सरकली, "मला कशाला वाण?" मी म्हटलं, "यमुताई, भूत कोणाचं कपाळ पाहून मागं लागते का?" बायका हसल्या. ती बी हसली. तीन वर्षांनी पाहिलं मी तिचं हसणं.

अन् मंग जी उभी राहिली ती राहिलीच. पाच वाजता रुपया टाकला. ओठातल्या ओठात टाके मोजे अन् दांडी फिरवे, लाल भूत मागं फरफटत राही, गुलाबी जिथं वाट पाही तिथं ती जाईच ना. बायकायचा चिवडा झाला, कॉफी झाली, सुनांच्या गोष्टी झाल्या. त्या मशीनचं भोंगाटणं ऐकून तुहे दाजी दोनदा पाण्याची मोटर बंद कराले गेले. सात वाजले तरी तिचा एकच रुपया चालू. बाकी सहा जणी आपापला रुपया मुठीत धरून घरी गेल्या, त्यात तुही नंदिनी बी. म्हणजे वाण दिलं, पण मिळालं नाही. असं वाण अर्ध्यात ठेवता येत नाही, रथसप्तमीच्या आत पुरं कराच लागते. नंदिनी अमोलले म्हणे, माहा डाव झाल्याशिवाय मशीन हालवाची नाही. शहाणी पोरगी आहे.

तर रुपराव, तुहे लई उपकार. अठरा वर्षांच्या शिव्या परत घेते. त्या दिवसापासून यमुताई रोज दुपारी येऊन राहिली, नुसता डाव पाहाले म्हणते अन् चहा पिऊन जाते. मशीन तुही आहे, तू खुशाल विकजो, मी आडवी येणार नाही. बहिणीनं भावाच्या वस्तूवर मन ठेवू नये. सगळ्यायले आशीर्वाद.

तुही ताई,
मनकर्णा

ता.क. तुह्या गोठ्यात ती दुसरी मशीन पडली आहे नं, रॉकेटनं किडे माराची, जिच्यात कोंबडी अंडे घालते? तीच दे त्या पोरायले. त्यायले शोसाठीच पाहिजे, अन् बंद चालते असं अमोल स्वतः म्हणाला, साक्षीले दहा बायका आहेत. कोंबडीची सोय दुसरीकडं कर. शनिवारपर्यंत इकडं पाठव, भाडं तुहे दाजी देतीन, त्यायले अजून सांगितलं नाही.

आणखी ता.क. रुपये पडतात त्या पेटीची किल्ली तुह्याचजवळ आहे, ती बी पाठव. सुपारीखालचे रुपये संपत आले, अन् महालक्ष्म्या अजून लांब आहेत.

शेवटचं. अमोल अन् नंदिनी परत येतो म्हणाले ते रथसप्तमीले, रविवारी, टेम्पो घेऊन, चार वाजता. यमुताई तीनलेच येते म्हणाली, रुपया घेऊन.