कात्री न लावलेले अंडे

मी, निशिकांत श्रीधर केतकर, वय सदुसष्ट, निवृत्त बँक अधिकारी, राहणार पासिर रिस, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांना शंका होती; तपासणीनंतर तीही उरली नाही. कोणाच्या आग्रहाने किंवा धाकाने मी हे लिहीत नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते घाबरून लिहिले होते.

१. फ्लॅट माझ्या व पत्नी संजीवनीच्या संयुक्त नावावर आहे. तो आपोआप तिचा होईल. सीपीएफला, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीलाही, तिचेच नाव लावलेले आहे. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखे काही नाही.

२. ठेवी, शेअर आणि पुस्तके मुलगी इरा हिला. ती मराठी अडखळत वाचते, पण पुस्तके रद्दीत घालणार नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

३. माझ्याकडे एक अजगर आहे, बॉल पायथन जातीची मादी. सिंगापूरमध्ये अजगर पाळता येत नाही, म्हणून ती पलीकडे मलेशियात जोहोर बारूला, माझा जुना सहकारी लिम याच्या घरी, रीतसर परवान्यावर राहते. दर शनिवारी समुद्रावरचा कॉजवे ओलांडून मी तिच्याकडे जातो. परत आलो की संजीवनी विचारी, "जेवल्या का तुमच्या बाई?" याहून अधिक चौकशी तिने कधी केली नाही.

४. मेहुणे अश्विन यांना माझ्याकडून काही नाही. आमच्या फ्लॅटमध्ये साप आहे, असे त्यांनी गणपतीच्या पंगतीत सांगितले. पुढे दोन अधिकारी तपासायला आले. त्यांना पलंगाखाली लोणच्याच्या बरण्या सापडल्या. अश्विनरावांना ही गंमत वाटते. त्यांना एक बरणी द्यावी, असे संजीवनीचे म्हणणे आहे. बरणी तिची आहे, तिने द्यावी.

५. आधीच्या मृत्युपत्रात अजगर विक्रेत्याला द्यावा, असे होते. दुसरे कोणी नव्हते. लिम जागा देईल, पण त्याचे हात थरथरतात. तिला गोठवलेले उंदीर खायला घालणे त्याच्याने होत नाही. इरा इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, सॉरी. फ्रीझरमध्ये उंदीर? कॅनॉट ला." विक्रेता तिला कोणाच्या हाती देईल, हा विचार मला हृदयापेक्षा जड होता.

६. यंदा तिने अंडी घातली. ती पांढरी, कातड्यासारखी मऊ, एकमेकांना चिकटलेली असतात. कोंबडीच्या अंड्यांसारखी ती फिरवायची नसतात. आतले पिल्लू मरते. मी प्रत्येकाची वरची बाजू पेन्सिलीने खुणावली आणि थर्मोस्टॅट लावलेल्या थर्माकोलच्या पेटीत ती ठेवली. पिल्ले बाहेर यायच्या सुमारास मला वजन उचलायला मनाई होती, म्हणून पिशवी घेऊन संजीवनी बरोबर आली. त्या दिवशी नागपंचमी आहे, हे मला माहीत नव्हते. तिला होते.

बाकीची अंडी आतून चिरली होती. पिल्ले नुसती नाके बाहेर काढून बसली होती. एक अंडे बंद होते. अशा वेळी पाळणारे वरचे कवच कापून देतात. मी कात्री घेतली.

"आज काही कापायचं नाही," संजीवनी म्हणाली.

"अगं, आत गुदमरेल ते."

"मी आज भाजीसुद्धा चिरली नाही. आणि तुम्ही साप कापायला निघालात?"

"साप नाही, अंडं आहे."

"कोणाचं?"

लिमला मराठी येत नाही. त्याने आम्हा दोघांकडे पाहिले, "ओके ला, मॅडम बॉस" म्हणाला आणि माझ्या हातातली कात्री काढून खिशात घातली.

मला राग आला होता. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे पुन्हा गेलो. अंडे फाटले होते. नाक बाहेर होते. बलकाची पिशवी अजून पिल्लाला जोडलेली होती आणि वरच्या कवचाला टेकलेली होती, जिथे मी कापणार होतो तिथेच. मी हे संजीवनीला सांगितले.

"मला त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "सण होता." मग वाकून बराच वेळ पाहत राहिली. "हे कधी जेवणार?"

७. तेव्हापासून शनिवारी आम्ही दोघे जातो. चिमट्याने उंदीर तीच देते. आधी तोंड फिरवून देत असे; हल्ली फिरवत नाही. बाकीच्या पिल्लांना लिमने परवानाधारक घरे पाहून दिली. ते एक संजीवनीने देऊ दिले नाही. सबब अजगर, ते पिल्लू, पेटी, थर्मोस्टॅट आणि चिमटा मी संजीवनीला देत आहे. परवाना तिच्या नावावर करायला लिमने मदत करावी. त्याच्या घरातली माझी खुर्ची त्याला.

८. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये; केली तर मिळायचे ते जाते. आजवर संजीवनीला यातून काही मिळत नव्हते, म्हणून अनीश कर्णिकांबरोबर दुसरी साक्षीदार तीच होणार होती. आज सातवे कलम मी तिला वाचून दाखवले आणि विचारले, "सही करतेस, की अजगर घेतेस?"

तिने पेनाला टोपण लावले.

"शेजारच्या सुलेखाला हाक मारा," ती म्हणाली.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. त्यांनीही माझ्यासमोर केली.

(सही) निशिकांत श्रीधर केतकर

साक्षीदार:
(सही) सुलेखा दामले, पासिर रिस
(सही) अनीश कर्णिक, पासिर रिस

सिंगापूर, १४ सप्टेंबर २०२५