पहिला पाट आणि एकवीस किलोमीटर

२४ मे, रविवार. मुखेड.
सासुरवाडीला धोंड्याचं जेवण. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि सासरचे लोक जावयांना पुरणाचे धोंडे खायला बोलावतात. बाहेर भट्टी, आत कूलरमध्ये पाणी नाही. थोरला जावई म्हणून पहिला पाट माझा. वीस वर्षं माझाच आहे. शेजारी साडू चंद्रप्पा, लातूरचा भुसार व्यापारी. दोन धोंडे खाऊन हात आखडता घेतला. म्हणे रोज पहाटे पळतो. डिसेंबरात लातूरला मॅरेथॉन आहे, त्यातल्या एकवीस किलोमीटरला नाव देणार. भरल्या ताटावर घामाच्या गोष्टी. किळस आली. पाचवा धोंडा तुपात बुडवून मी म्हणालो, त्यात काय, मी पण पळतो. पंगत हसली. चंद्रप्पा म्हणाला, दाजी, तुम्ही एकवीसच्या एकवीस पळालात तर जन्मभर पहिला पाट तुमचा, न्हाई तर माझा. सासूबाईंच्या देखत मी मंजूर म्हणालो.
मेहुणा भागवत तेवढ्यात मोबाइलमध्ये बोटं आपटत होता. गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे त्याचं, पण पंगतीत तरी ठेवावा माणसानं.

२५ मे. सकाळी.
निघताना सासूबाईंनी दोन्ही जावयांना कुंकू लावलेलं एकेक पाकीट दिलं. हाताला पापडासारखं पातळ. त्रेचाळीस डिग्रीत बोलावून हा मान! चंद्रप्पानं तिथंच उघडलं आणि दात काढले. त्याला काहीही चालतं. मी उघडणार नाही. घरी येऊन कपाटात स्वेटरखाली टाकलं.

३० मे. नांदेड.
मॅरेथॉनची वेबसाइट वाचली. उद्यापर्यंत नाव दिलं तर सवलत. सात महिने आधी नाव कोण देतं? ज्याला स्वतःचा भरवसा नाही तो. शिवाय अधिक महिन्यात नवं काम सुरू करत नाहीत. बायको, सिंधु, म्हणाली, मोबाइल तर परवाच नवा घेतलात. मोबाइल हे काम नव्हे. बायकांना फरक कळत नाही.

१८ जून.
अधिक संपला. नाव देण्याआधी बूट हवेत. अमानभाईच्या दुकानात गेलो. पोपटी रंगाचे मिळाले, दुसरे माझ्या मापाचे नव्हते. अमानभाई म्हणाला, साब, दो-चार दिन पैन के घूमो, जूते कू बी मालूम पडना ना, के दौडने का है. गिऱ्हाइकाशी बोलायची ही रीत? बूट घरी आणून डब्यासकट कपाटावर ठेवले. ओलावा लागू नये.

५ जुलै. पहाटे ५.४०.
सरावाचा पहिला दिवस. गोदावरीच्या घाटावर गेलो. किती घाण लोक! एक जण पळता पळता थुंकतो. एक जण बनियन पिळून परत तेच घालतो. एक टोळकं गोल उभं राहून कारण नसताना खदाखदा हसतं. मी पळू लागल्यावर जास्तच हसले असं वाटलं. विजेच्या तीन खांबांपर्यंत पळालो. चौथ्याजवळ कुत्रं होतं. शरीराला एकदम धक्का द्यायचा नसतो. येताना भजी.

२७ जुलै.
परवा चातुर्मास लागला. ऑफिसातल्या सुकन्या मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, सर, भरला का फॉर्म? मी म्हणालो, साडेचार महिने म्हणजे अजून लवकरच. तीन महिने आधी नाव द्यावं, असं शास्त्र आहे. कुठलं, ते त्यांनी विचारलं. फाइल आली म्हणून वाचलो.

१७ ऑगस्ट.
श्रावण सोमवार. साबुदाण्यावर पळता येत नाही. देवधर्म आणि व्यायाम यात मी देवधर्म निवडला. चंद्रप्पानं फॅमिली ग्रुपवर घामानं थबथबलेला फोटो टाकलाय, खाली लिहिलंय १४ किमी. सकाळी सकाळी असले फोटो! खिचडी कशीबशी गेली. दोन वाट्या.

२८ सप्टेंबर.
पितृपक्ष. सिंधु म्हणाली, वेबसाइटवर दोन दिवस राहिलेत म्हणून लिहिलंय. ही जाहिरातीची युक्ती असते. आणि पंधरवड्यात कोणी शुभकार्य करतं का? दसऱ्याला भरणार. साडेतीन मुहूर्तांतला एक. ठरलं म्हणजे ठरलं.

२० ऑक्टोबर. दसरा. सकाळी ९.२५.
लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. बुटांना झेंडूचं फूल. वेबसाइट उघडली. नोंदणी ३० सप्टेंबरलाच बंद!
शिसारी आली या आयोजकांची. यांच्या घरी कॅलेंडर नाही? दसरा कधी येतो हे ज्यांना माहीत नाही ते मॅरेथॉन काय घेणार? निषेधाचं पत्र लिहिलं, दीड पान. पहिला पाट आता जात नाही, कारण पळायला मी तयार होतो, दार त्यांनी लावलं.
श्रीखंड फार छान झालं होतं.

११ नोव्हेंबर. भाऊबीज. मुखेड.
ओवाळणी झाल्यावर सासूबाईंपाशी बसून जड आवाजात सांगितलं की यंदा मला प्रवेशच नाकारला. त्या म्हणाल्या, जावईबापू, ते पाकीट उघडलंच न्हाई का वो तुम्ही? तुम्ही पाचवा धोंडा खाऊन राहिले हुते तवाच भागवतनं फारम भरलंय तुमचं. दोघा जावयांला सारखंच वाण.
शिल्पा, म्हणजे चंद्रप्पाची बायको, पदर तोंडात कोंबून आत पळाली. सिंधु माझ्याकडे न बघता करंजीची ताटली घेऊन उभी राहिली. हे जास्त लागलं.

१२ नोव्हेंबर. नांदेड.
स्वेटर उचलले. पाकिटात पावती. माझं संपूर्ण नाव, एकवीस किलोमीटर, टी-शर्टचं माप: तीन एक्सेल. ज्याचं त्याला न विचारता, सात महिने आधी! चंद्रप्पाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला पाच महिने, सतरा दिवस अंधारात ठेवलं. घरातले लोक असे असतात.
हरकत नाही. एकतीस दिवस आहेत. रोज पाऊण किलोमीटर वाढवलं तर बरोब्बर वेळेवर एकवीसच्या पुढं जातो. तक्ता करून फ्रिजला चिकटवला.

२९ नोव्हेंबर.
तक्त्याप्रमाणे आज पावणेतेरा किलोमीटर. तरोडा नाक्यापर्यंत चालत गेलो, ऑटोनं परत आलो. सिंधुनं विचारलं, ऑटो कशाला? तिला समजावलं की जाण्याची तयारी महत्त्वाची. तिनं तक्त्यावर दुधाचं बिल लावलंय.

१३ डिसेंबर, रविवार. लातूर. दुपारी ३.
सकाळी सहाला सुटलो. थंडी म्हणून माकडटोपी. पोपटी बुटांचा आज पहिला दिवस. पहिला किलोमीटर मी चंद्रप्पाच्या पुढं होतो. याला साक्षीदार आहेत. दुसऱ्या किलोमीटरला दोन्ही टाचांना फोड. तिसऱ्यानंतर एक आजीबाई नऊवारीत माझ्या पुढं गेल्या, पळत नव्हत्या, दूध घेऊन चालल्या होत्या. चौथ्या किलोमीटरला ॲम्ब्युलन्स शेजारून हळूहळू चालू लागली. ड्रायव्हरनं विचारलं, काका, येता का? मी आडवा झालो नाही. पुढच्या सीटवर बसून आलो.
चंद्रप्पा एकवीस पुरे करून आला, गळ्यात मेडल, अंगाला वास. तसाच येऊन मला मिठी मारली. शी!
त्याच्याच घरी जेवण. सासूबाई खास मुखेडहून आलेल्या. पैजेप्रमाणे पहिला पाट गेला म्हणून मी दुसऱ्याकडे वळलो. पण सासूबाई म्हणाल्या, पैज गेली चुलीत, थोरला जावई तो थोरलाच. चंद्रप्पानंही स्वतः हात धरून मला पहिल्या पाटापाशी नेलं. सिंधु पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.
बसायला गेलो, तर गुडघे वाकेनात. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ओरडलो. शेवटी भागवतनं भिंतीशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकली, ताट स्टुलावर ठेवलं. मोकळ्या पाटावर, जेवण खोळंबायला नको म्हणून, चंद्रप्पाला बसवलं.
खुर्ची पाटापेक्षा दीड हात उंच असते. म्हणजे पंगतीत सगळ्यात वर मीच होतो. उठवायला मात्र दोघं लागले.