दुखायच्या आधीची गोळी

१० फेब्रुवारी, सोमवार

घरी आले. गर्भपिशवी काढून आज पाचवा दिवस. संगमनेरहून येताना प्रत्येक गतिरोधकावर टाके ओढले. ह्यांना म्हटलं, हळू घ्या. "हळूच हाय की." यांचं हळू मला लग्नापासून माहीत आहे.

दवाखान्यातल्या सिस्टरने तीनदा बजावून पाठवलंय. सुजेची गोळी सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून, जेवणानंतर. ॲसिडिटीची सकाळी उपाशीपोटी. मधे साधी, तापाला देतात ती. किडनी, अल्सर, दमा, सगळं विचारून मगच दिल्यात. "दुखायला लागल्यावर नाही मावशी, दुखायच्या आधी घ्यायची. मग चालणं जमतं, खोकणं जमतं."

सासूबाईंनी औषधांची पिशवी हातातून घेतली आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवली. मला वाटलं, सोय म्हणून.

११ फेब्रु., मंगळ.

सकाळी भाकरी खाऊन गोळी मागितली. सासूबाई (पुढे नुसतं सा. लिहीन, बसून लिहिलं की पोट ओढतं) म्हणाल्या, "लई दुखतंय का?"

म्हटलं, आत्ता लई नाही.

"मंग कशाला? गरम असत्यात त्या. किडनी जाती. लई झालं की घे."

हळदीचं दूध दिलं. दूध चांगलं होतं. दुखणं बाराला आलं. खोकला आला, उशी पोटाशी दाबून धरली तरी डोळ्यांपुढे अंधारी. दोन वाजता गोळी मिळाली, तीही रडल्यावर. लागू पडायला आणखी तास. दिवसातून चारदा चाला म्हणालेत. एकदाही नाही.

फडताळापर्यंत हात वर जात नाही. नाहीतर…

१२, बुध.

तांबडीने दावणीला शिंग मोडून घेतलं. गुरांचे डॉक्टर तासाभरात हजर. शिंग कापलं, पट्टी बांधली, सुजेचं-दुखण्याचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, तीन दिवस चुकवू नका, दुखलं तर चारा सोडेल, दूध तोडेल. ह्यांनी लगेच मोबाईलवर अलार्म लावला. गोठ्याच्या भिंतीवर खडूने वेळसुद्धा लिहिली.

ओट्यावरून सगळं ऐकत होते. आत आल्यावर म्हटलं, माझ्या गोळीचाही अलार्म लावा की.

हसले. "तुला तोंड हाय, तू सांगती. तिला कुठं तोंड हाय?"

मी कालपासून सांगतेय. तोंड असून काय दिवे लागले?

इतका संताप आला की पोट ओढत असूनही पेन घेतलं. गाईला दुखू नये हे बरोबरच आहे, तिचा राग नाही. राग याचा, की तिथे कुणी विचारलं नाही लई दुखतंय का म्हणून.

१३, गुरु.

गल्लीतल्या चौघी भेटायला आल्या. सा. कौतुकाने सांगत होत्या, "आमची सून लई सोशिक. गोळ्या तशाच पडल्यात बगा." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी? मीही हसले. बावीस वर्षं अंगणवाडीत ह्याच बायकांना लोहाच्या गोळ्या घ्या, चुकवू नका म्हणून घसा कोरडा करतेय, आणि स्वतःच्या घरात सोशिक म्हटल्यावर गालात हसते. स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

गुरुवार, म्हणून सकाळपासून नुसता चहा. सा. म्हणाल्या, "मोडायचा तर मोड उपास, तुझी मर्जी." हे असं म्हटल्यावर कोण मोडेल?

बायका गेल्या, सा. दळण आणायला गेल्या. छत्रीच्या मुठीने पिशवी खाली ओढली आणि सुजेच्या दोन गोळ्या एकदम गिळल्या. मागचं-पुढचं सगळं वसूल.

पाचपर्यंत छातीत जाळ. मग उलटी. पोटाला टाके असताना उलटी काय असते ते मी लिहू शकत नाही. सा. पाठ चोळत होत्या. "म्हनलं न्हवतं का गरम असत्यात?" त्यांना खरं ठरवायला मीच बसलेली.

१४, शुक्र.

सिस्टरला फोन केला, मुद्दाम स्पीकर लावून. गोळ्या वरच्या फळीवर असतात तेही सांगितलं. आधी विचारलं, उलटीत रक्त? शी काळी? नाही म्हटल्यावर मला झाड झाड झाडलं. "उपाशीपोटी दोन एकदम कुणी सांगितल्या? आज सुजेची बंद. साधी चालू. उद्या येऊन दाखवा." मग आवाज चढवून म्हणाली, "आणि गोळ्या लपवून ठेवणाऱ्यांना सांगा, सोसलं म्हणून टाके लवकर भरत नाहीत."

सा. उठून गेल्या. ह्यांनी पिशवी माझ्या उशाशी आणून ठेवली.

१५, शनि.

दाखवून आले. पोट ठीक आहे. उद्यापासून एकेक, जेवणानंतर, आणखी तीन दिवस.

घरी येऊन पल्लवीला फोन लावला. लेकीपाशी नाही तर कुणापाशी बोलणार. आजीने काय केलं, बाबा काय म्हणाले, सगळं ओकले. देवळालीला दिल्यापासून कधी माझं बोलणं तोडलं नाही तिने. आजही ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"आई, माझ्या सिझरच्या वेळी तू काय केलं होतंस?"

काय केलं होतं?

"गोळ्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली होतीस. दुधातून बाळाला उतरतं म्हणून. डॉक्टर चालेल म्हणाले होते, तुझ्यासमोर. मी न्हाणीत नळ सोडून रडायचे."

मी काहीतरी बोलले. बहुतेक, तुझ्या भल्यासाठीच. तिने फोन ठेवला.

१६, रवि.

जेवून गोळी घेतली. अंगणात चार फेऱ्या. सरळ उभं राहता येतंय. इतकं सोपं होतं हे.

सा.वरचा राग कमी होईल वाटलं होतं. नाही झाला. उलट दुप्पट झाला आणि अर्धा माझ्यावर आलाय. मी केलं ते मायेने, असं सारखं मनात येतं. मग सा. काय वैरीण आहेत?

१७, सोम.

पल्लवी फोन उचलत नाही. तिसऱ्यांदा जावयांनी उचलला. "कामात आहे, आई. करेल ती."

सिझरनंतरच्या पाच वर्षांत ती त्याबद्दल एकदाही बोलली नाही. दर दोन दिवसांनी फोन करून माझी गुडघेदुखी विचारत राहिली.

परवा तिला सांगायला हवं होतं, की मला माहीतच नव्हतं. पण माहीत होतं. नळ बराच वेळ चालू राहायचा. एकदा मी दारावर थाप मारून म्हटलं होतं, टाकी रिकामी होईल, आटप.

तिला हे आठवत असणार. फोनवर तेवढं मात्र तिने बोलायचं टाळलं.