दंड वाळेपर्यंत

नायगाव, मुंबई
दि. १ डिसेंबर १९५७

शेवंती राजाराम गमरे हिस,

राजारामचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुझ्या प्रकृतीची चौकशी करण्याची सोय तू ऑगस्टात बाळंतपणातच संपविलीस. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

आपली कन्या वडाळ्यास तुझ्या मातोश्रींच्या ताब्यात आहे. गेल्या आठवड्यात म्युनिसिपालिटीचा माणूस तिच्या दंडावर देवी टोचून गेला. जागा आपोआप वाळू द्यावी, पुढे फोड उठेल, ताप येईल, घाबरू नये, असे त्याने बजावले. मी तेच पुन्हा समजावले, सासूबाईंनी बी.ए. जावयाकडे पाहावे तसे पाहिले.

आज दंड पाहिला. फोड नाही, ताप नाही. नात किती कणखर, हे सासूबाई चाळभर सांगत आहेत. शेजारच्या दोन मुलांना देवी आल्या आहेत, त्यामुळे मला या कणखरपणाचे कौतुक करवत नाही. खरे काय ते तुझ्या धाकट्या बहिणीस विचारले आहे.

तुझा,
राजाराम

वडाळा
दि. ४ डिसेंबर

ती. भावोजींस कालिंदीचा सा. जयभीम. वि. वि.

मेहुणीला नोटीस बजावणारे भावोजी साऱ्या मुंबईत तुम्हीच! तर ऐका. टोचणारा जिना उतरतो न उतरतो तोच आईने ओल्या फडक्याने दंड पुसून काढला. मी ओरडले, तर माझ्यावरच उखडली, की गेल्या वर्षी घरातले देव बुडवलेस, आता सुईची पूजा मांडतेस काय! मग बाळाला पदराखाली घेऊन म्हणाली, की शेवंतीलाही शेवटी सुईच टोचली होती, ती काही घरी आली नाही. यावर काय बोलायचे ते तुम्हीच येऊन बोला. नुसती पत्रे धाडू नका. बाळाला अजून वाचता येत नाही.

रागावलात तरी लोभ आटवू नये.

आपली,
कालिंदी

नायगाव
दि. १७ डिसेंबर

शेवंतीस सप्रेम जयभीम. वि. वि.

मुंबई कोणाची, हे दिल्लीस अजून ठरविता येत नाही. कन्येचा दंड कोणाचा, ते सासूबाईंनी एका फडक्यात ठरविले होते. मी चांगले भाषण तयार करून गेलो. त्यातील एक वाक्यही उपयोगी पडले नाही. तू सुईने नव्हे, रक्तस्रावाने गेलीस, एवढेच कसेबसे सांगितले. त्या बराच वेळ रडल्या. नंतर हुकूम सुटला, की पुन्हा टोचायचे तर बापाने मांडीवर घ्यावे, आणि ताप उतरेपर्यंत उठू नये.

घेतले. दंड वाळेपर्यंत तिचा हात धरून बसलो. या खेपेस फोड उठला, तापही आला. आता सासूबाईंनी झबल्याची बाही कापली आहे, दंडाला पाणी लागू देत नाहीत, आणि जवळ येणाऱ्यास हाकलतात. त्यात फोड पाहायला वाकलेला मीही आलो.

ताप काल उतरला. मी टोपी घातली, तर कन्येने भोकाड पसरले, आणि सासूबाईंनी, कुठे निघालात, असे विचारून माझी टोपी खुंटीवर ठेवली. मी कन्येला पुन्हा मांडीवर घेतले.

तुझी लुगडी कालिंदीकडे दिली. लोभ वाढवावा, असे तुला लिहिण्यात आता अर्थ नाही. आहे तो पुरवून वापरीन.

आज इथल्या आपल्या खोलीला कुलूप लावले. किल्ल्या चाळीच्या कचेरीत परत केल्या. बिऱ्हाड आता वडाळ्यास.

राजाराम