एका पंपात दोघे जण

तीर्थरूप दाजींना धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर आता दम लागत नाही, म्हणून मुद्दाम दोनदा.) तुमची प्रकृती कशी आहे? ताईचे गुडघे काय म्हणतात? इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक असून मी मात्र गोंधळलेला आहे.

त्याचे असे झाले. आमच्या पुस्तकबांधणीच्या खोलीत जुन्या कागदाची धूळ उडते आणि माझा दमा बळावतो, हे तुम्ही जाणताच. डॉक्टरीणबाईंनी नवा पंप दिला. त्यात म्हणे दोन औषधे एकत्र. एक श्वासाच्या नळ्या उघडते, दुसरे आतली सूज उतरवते. रोज ओढायचा, बरे वाटले तरी सोडायचा नाही आणि चूळ भरायची. मी सगळे मनोभावे केले, फक्त चूळ आधी भरली. (देवाचे नाव घेण्यापूर्वी तोंड स्वच्छ करतो, मग औषधाला निराळा न्याय कसा लावणार?) दम गेला, पण त्याच्या पाठोपाठ आवाजही गेला. जिभेवर पांढरे चट्टे आले. सकाळच्या प्रार्थनेला असा सूर लागू लागला, की हिने खिडक्या लावून घेतल्या. (देवाला ऐकू येईल म्हणाली, शेजाऱ्यांना कशाला?) श्वास देऊन सूर काढून घेणारे औषध देवाला मान्य नसावे, असे वाटून मी पंप कपाटात ठेवला.

पुढे एका जाडजूड शब्दकोशाचा पुठ्ठा उचकटताना छाती अशी आवळली, की मालकांनी मला खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेले. श्वास ताळ्यावर आल्यावर बाईंनी हजेरी घेतली. चूळ औषधानंतर भरायची असते, तोंडात राहिलेले थुंकून टाकायला. सूर बिघडवतो तो दोघांतला सूज उतरवणारा. मी म्हटले, मग नुसता नळ्या उघडणारा द्या ना. बाई गंभीर झाल्या. दम्यात तो एकटा धोक्याचा. वरून बरे वाटते, आत सूज वाढत राहते आणि एक दिवस जिवावर बेतते. जोडीला दुसरा असला की तोच सुरक्षित.

आता एकटा घातक तो जोडीने गुणी कसा होतो, हे काही मला उमगेना. बांधणीवर आणून पाहिले. नुसत्या खळीने पुठ्ठा झकास चिकटलेला दिसतो, पण आत शिवण नसेल तर पाने हातात येतात. तरी पुरते पटेना. मग तुम्ही आठवलात. (राग मानू नये. मागे एकटे आलात आणि आमचा पंखा दुरुस्त केलात. ताई बरोबर असती तर तो अजून फिरत असता.)

हल्ली चूळ नंतर भरतो. देवाची आधीची वेगळी. त्यामुळे तोंड सदा ओलेच असते, पण सूर परततो आहे.

तुमचा,
मेव्हणा

ता. क. ताई फोनवर म्हणाली, की तुम्हालाही दम्यासाठी हीच दोन औषधे वेगवेगळ्या पंपांतून दिली आहेत, आणि सूज उतरवणारा ‘ओढून काही कळतच नाही’ म्हणून तुम्ही खिडकीत ठेवून दिलात. नुसता उघडणारा ओढता आणि झकास वाटते म्हणता. दाजी, एवढे पत्र त्यासाठीच लिहिले. उद्याच डॉक्टरांकडे जा.

आणखी ता. क. एकटे जाऊ नका. ताईला बरोबर न्या.