कडुलिंबाखालची मेथी

बुवापाडा, अंबरनाथ
दि. ५ ऑक्टोबर २०२५

ती. यशोधराताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पोर्ट सुदानला उतरलीस एवढा तुझा फोन आला आणि लाइन गेली ती गेलीच. म्हणून हे पत्र उल्हासनगरच्या खूबचंदशेठकडे देतोय. त्यांचा जीन्सचा माल तिकडे जातो, त्यांची माणसं ओम्डुरमानला तुमच्या घरापर्यंत पोचवतील.

ताई, हात जोडतो, तिथूनच मागे फिर. युद्ध सुरू झालं तेव्हा दाजींनी तुला इकडे येणाऱ्या जहाजात बसवलं आणि स्वतः औषधाच्या दुकानासाठी मागे राहिले, ते उगाच नाही. आता गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून त्यांचा फोन नाही. इद्रीस दाजींना शोधायचंच तर शेठची माणसं शोधतील, तू कशाला त्या घरात जातेस? तुमच्या गल्लीत चिटपाखरू नाही म्हणतात. आठ दिवसांत येशील असं आईला सांगून बसलोय, मला खोटं पाडू नकोस.

आईचा आशीर्वाद. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
राजेंद्र

ओम्डुरमान
दि. २५ ऑक्टोबर २०२५

चि. राजेंद्रास अनेक आशीर्वाद.

मागे फिर म्हणतोस, पण माझं तीस वर्षांचं घर इथं आहे रे. माझा मुलूख आता हाच. भिंती उभ्या आहेत. अर्धं छत नाही, दारं, पंखे, भिंतीतल्या वायरीसुद्धा लोकांनी काढून नेल्यात. गल्लीत मी एकटीच. दोन दवाखान्यांच्या मयतांच्या याद्या वाचल्या, त्यात यांचं नाव नाही. नाव नाही म्हणजे हे आहेत, असं मी धरून चालते.

अंगण नुसतं दगड झालंय. कडुलिंबाखाली तेवढी पुरुषभर लांबीची जमीन भुसभुशीत लागली, तिथं आईने दिलेली मेथी टाकली. काय तरारून आलीय सांगू! आपल्याकडे लग्नाआधी हे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा मेथी तीनदा मागून घेतली होती आणि तू यांना आठवडाभर चिडवलंस. परत आले की पहिल्यांदा तीच करून घालणार.

आईला नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
ताई

बुवापाडा, अंबरनाथ
दि. २८ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र अजून आलं नाही आणि मला आता राहवत नाही. ताई, दाजी नाहीत. गेल्या वर्षीच्या ऑगस्टातच खूबचंदशेठने तुमच्या शेजारच्या उस्मानचाचांचा निरोप आणला होता. दुकानावर गोळा पडला. कबरस्तानापर्यंत जायची सोय नव्हती, म्हणून चाचांनी त्यांना तुमच्याच अंगणात, कडुलिंबाखाली पुरलं. वर दगड ठेवायलाही वेळ मिळाला नाही. नंतर चाचाही इजिप्तला निघून गेले.

तू तेव्हा धड जेवतही नव्हतीस. म्हटलं, जरा सावरू दे, मग सांगू. पुढे जीभ रेटेना. तुला व्हिसा मिळायचाच नाही अशी खात्री होती, त्या भरवशावर बसलो. भित्रा आहे मी. ये ताई, हवं तर जोड्याने मार, पण ये. दाजींच्या नावाने जलदानविधी इथं सगळ्यांसोबत करू.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही.
राजेंद्र

ओम्डुरमान
दि. ३० नोव्हेंबर २०२५

राजेंद्र,

पत्र पोचलं. त्याआधी तीन वेळा भाजी करून झाली होती. कोवळी होती म्हणून देठांसकट चिरली.

चौदा महिने रोज संध्याकाळी मी यांचा नंबर लावायची. तू शेजारी बसून रेंज नसेल म्हणायचास. माझा फोन रिचार्जही तूच करायचास. तुला मारण्याइतका रागसुद्धा आता माझ्यात उरला नाही.

उरलेली मेथी उपटवत नाही आणि तिला पाणीही घालवत नाही. आईला मेथीचं काही सांगू नकोस, सुकली म्हटलं की ती पुन्हा बी धाडील.

मी इथून हलणार नाही. जलदानविधी करा. नावं घ्याल तेव्हा दोन घ्या.

यशोधरा