कॅनडाचं प्रस्थान, मुक्काम वारणानगर

१४ जुलै १९७४, रविवार
आजपासून रोजनिशी. पुढे कुणी आपलं चरित्र लिहायला घेतलं तर तारखा हाताशी हव्यात.

सकाळी साडेसहाला दारात म्हैस. गवळी माझ्या पायरीवर धार काढतो आणि माझ्याच भिंतीवर तंबाखू थुंकतो. त्याला सांगितलं, कॅनडात याला दंड असतो. तर म्हणे, "मग हितं हाय तवर थुकून घेऊ द्या की." शी! या कोल्हापूरचा मला मनापासून वीट आला आहे.

परिस्थिती अशी. कॅनडा सरकारनं मला फेब्रुवारीतच 'लँडेड इमिग्रंट' म्हणून पसंत केलं आहे. म्हणजे तिथला कायमचा रहिवासी. अट एकच. १५ ऑक्टोबरच्या आत एकदा तिथं उतरायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. नंतर परत येऊन बिऱ्हाड आवरायचं, बायकोला, मीनाला घेऊन कायमचं जायचं. दहा दिवसांची ट्रिप. तीन महिने हातात आहेत. घाई करणारा माणूस इंजिनियरिंगमध्ये टिकत नाही.

१५ जुलै
कारखान्यात दुपारी ट्रिपचं ड्रॉइंग काढलं. शेवटी मी ड्राफ्ट्समन आहे. ए-टू साइज, कोपऱ्यात नाव: के. बी. चौगुले. शीर्षक इंग्रजीत. कोल्हापूर ते टोरांटो बाणांनी दाखवलं. प्रस्थान २० ऑगस्ट. असं प्लॅनिंग या पेठेत कुणी पाहिलेलं नाही.

घरी भिंतीवर लावलं. मीना बाणावरून बोट फिरवत टोरांटोपर्यंत गेली. मग म्हणाली, "तिकीट काढलासा?" बायकांचं लक्ष नेहमी किरकोळ गोष्टीकडे.

२१ जुलै, रविवार
थोरली बहीण आक्का आणि दाजी वारणानगरहून आले. दाजी साखर कारखान्यात वजनकाट्यावर. मी 'लँडेड'चा अर्थ समजावून सांगितला. दाजींनी 'लँड' एवढंच ऐकलं. "किती एकर मिळतीया? पाण्याखालची हाय का कोरडवाहू?" मला किळस आली. जगात कुठंही जा, यांचा ऊस यांच्या पुढे.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं, कृष्णातला कॅनडात जमीन मिळाली. चौघांनी एकर विचारले. मी खोटं बोललो नाही. अजून मोजणी व्हायची आहे, एवढंच म्हणालो.

४ ऑगस्ट
निसारच्या दुकानात ओव्हरकोट घालून बघितला. निसार माझा बालमित्र, आमच्या घरापासून दहा दारं सोडून त्याचं शिवणाचं दुकान. असा कोट त्यानं जन्मात शिवलेला नाही. म्हणाला, "कृष्णातराव, ह्यात अजून एक माणूस बसतंय की." कोट मोठाच हवा, आत दोन स्वेटर असतात, हे त्याला सांगून उपयोग नाही. पाच मिनिटांत घामानं भिजलो. या हवेचाही वीट आला.

११ ऑगस्ट
मीना रोज दुपारी निसारच्या बायकोकडे जाते. शहाजादीभाभी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवतात. मीना म्हणते भरतकाम शिकते. दोन महिन्यांत एक रुमाल घरात आलेला नाही.

रात्री जेवताना मला विचारते, इंग्रजीत 'गेलेत' म्हणायचं तर वेंट म्हणायचं का गॉन? मी लाल पेन्सिलीनं ऑफिसच्या नोटिशीतल्या चुका काढत होतो. म्हणालो, तुला काय करायचंय? हिला घर सोडवत नाही, हे मला स्वच्छ दिसतं. कॅनडात हिला ओढत न्यावं लागणार.

१८ ऑगस्ट, रविवार
आजपासून धोंड्याचा महिना. आक्काचं कार्ड: अधिकात कुठं जायाचं न्हाय, भलतंसलतं हुईल. मी विज्ञानवादी आहे. पण तिकीट तसंही काढलेलं नव्हतं.

शिवाय सासूबाईंनी जावयाला तेहतीस अनारशांचं वाण करायचं ठरवलं आहे. वडीलधाऱ्यांची मनं सांभाळावी लागतात. ड्रॉइंगवर रिव्हिजन 'ब'. प्रस्थान २१ सप्टेंबर.

२५ ऑगस्ट
सासुरवाडीला जाऊन आलो. ही रूढी म्हणजे शुद्ध मागासलेपणा. तेहतीसपैकी सव्वीस अनारसे खाल्ले. सात निषेध म्हणून ठेवले.

२६ ऑगस्ट
पोट बिघडलं. रजा.

२२ सप्टेंबर
गणपती. गल्लीत सकाळपासून कर्णा. आरतीच्या ताटात कुणीतरी पानाचा चोथा ठेवला होता. मंडळाचा खजिनदार मीच असल्यामुळे २१ तारीख गेली. या देशात माणसाला स्वतःचं काही करूच देत नाहीत.

मात्र तिकीट आलं. मीनानं परस्पर निसारला मुंबईच्या एजंटाकडे पाठवून काढवलं. मी उद्या काढणारच होतो. १० ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळी सहाला मुंबईहून विमान. मुदतीच्या आत चार दिवस मार्जिन. रिव्हिजन 'क'.

२७ सप्टेंबर
आक्का आली आणि रडायला लागली. १० तारीख पितृपंधरवड्यात येते. पितरांच्या दिवसांत परमुलखी निघालेला माणूस माघारी येत न्हाय म्हणे. मी म्हणालो, मग फारच उत्तम. तशी जास्तच रडायला लागली.

शेवटी तोडगा निघाला. पंधरवडा लागायच्या आत प्रस्थान ठेवायचं. म्हणजे प्रवासाची पिशवी चांगल्या दिवशी वाटेवरच्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. पिशवी निघाली की माणूस निघाला, असं शास्त्र. पुढे कधीही जा, बाधा नाही. फक्त ठेवलेली पिशवी माघारी घरी आणायची नाही. आक्काचं घर मुंबईच्या दिशेला, वारणानगरला. तिथं ठेवायची.

मी मान्य केलं. श्रद्धा म्हणून नव्हे, ॲडव्हान्स लगेज म्हणून. विमान कंपन्या तेच करतात.

२९ सप्टेंबर, रविवार
प्रस्थान झालं. लोकांनी पिशवीत सुपारी आणि हळकुंड टाकलं. मी पद्धतशीर माणूस. पासपोर्ट, व्हिसाचा कागद, तिकीट, सगळं पिशवीतच टाकलं. एका प्रवासाची एक फाइल. घरात राहिलं असतं तर मीनानं चपात्यांखाली घातलं असतं.

मीना तीनदा म्हणाली, "अवो, कागद तेवढं खिशात ठिवा." चौथ्यांदा म्हणाली तेव्हा ओरडलो.

आक्काला ड्रॉइंगची एक प्रतही दिली, म्हणजे तारखांचा घोळ नको. बाणासकट. इंग्रजीत आहे, पण ड्रॉइंगला भाषा लागत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी १०
निघालो. आज वारणानगरला पिशवी घ्यायची, उद्या मुंबई. काल कारखान्यात निरोपसमारंभ झाला. नारळ, शाल, फेटा. भाषणात साहेब म्हणाले, चौगुल्यांच्या कॅनडातल्या शेतीला शुभेच्छा. शिसारी आली. फेटा पुन्हा बांधता येणार नाही म्हणून आजही डोक्यावर तोच आहे. कोट हातावर. मीना दारात उभी होती. एकटक बघत होती. बहुतेक सुटल्यासारखं वाटलं असेल.

त्याच दिवशी, दुपारी १२. वारणानगर
आक्काच्या दाराला कुलूप.

शेजारच्या चिमणाबाईंनी सांगितलं, "आक्का म्हाळाला गेल्यात की, सासरी, गडहिंग्लजला. धाकटा भाऊ धा तारखंला येणार हाय, नऊला मी माघारी येते म्हणाल्या." ड्रॉइंगवर दहा हा आकडा मोठा होता. विमानाचा. तेवढाच तिला वाचता आला.

पिशवी? आक्का बरोबर घेऊन गेली. प्रस्थान कुलपात ठिवू नये म्हणे.

म्हणजे माझा पासपोर्ट दक्षिणेला गेला आहे. मी उत्तरेला उभा आहे. डोक्यावर फेटा. चिमणाबाई विचारतात, "पावणं, हातावर घोंगडं कशाला वो?" कोट दुसऱ्या हातावर घेतला.

संध्याकाळी ७. कोल्हापूर
वारणेहून परतीची गाडी पाचला मिळाली. गडहिंग्लजची शेवटची गाडी गेली. घर दोन फर्लांगावर. पण प्रस्थान ठेवलेल्या माणसानं घरात पाऊल टाकायचं नसतं. मी मानत नाही. तरी कशाला विषाची परीक्षा? निसारच्या दुकानात कापायच्या टेबलावर मुक्काम. निसार हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर, बुधवार
सकाळच्या गाडीनं गडहिंग्लज. वाटेत निपाणीजवळ समोरून येणारी एस.टी. आमच्या गाडीला चिकटून उभी राहिली. रस्ता अरुंद. समोरच्या खिडकीतून एक बाई बाहेर डोकं काढून ओकत होती. माझा जीव इतका विटला की मी तोंड फिरवून पलीकडे बघत बसलो. हे लोक प्रवासाला निघतातच कशाला?

आक्काच्या सासरी पोचलो तर दाजी म्हणाले, "आत्ताच की वो गेली सकाळच्या गाडीनं. तिला गाडी लागती न्हवं, खिडकीची जागा धरून दिली."

दुपारी परतीची एस.टी. घाटात बंद पडली. तीन तास. वारणानगरची शेवटची गाडीही चुकली. पुन्हा निसारचं टेबल.

निसारकडून कळलं. मी निघाल्यावर त्यानं मीनाला सांगितलं, आणि मीना सकाळपासून स्टँडवर जाऊन बसली. आक्का उतरली तेव्हा मीनानं पिशवी मागितली. आक्का म्हणाली, "प्रस्थान माघारी फिरत न्हाय, ते त्येच्या वाटंनंच जायाचं." मीना म्हणाली, "मला पिशवी नको, त्यातला कागद द्या." आक्का ऐकेना. मीनानं बंद धरून ओढली. भर स्टँडवर दोघींची ओढाओढ. बंद तुटला. कंडक्टर मधे पडला आणि आक्का पिशवी छातीशी धरून वारणेच्या गाडीत चढली.

मीनाला एवढा तमाशा करायची काय गरज होती? लोक काय म्हणतील?

१० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ९. वारणानगर
पिशवी मिळाली. एक बंद तुटलेला. आक्कानं ओवाळलं. म्हणाली, "बघ, धा तारीख म्हणालास, धा तारखंला हातात दिली." तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी वाकून पाया पडलो. मुंबईची गाडी रात्री नऊला पोचते. विमान सहाला.

पोस्टातून एजंटाला ट्रंक कॉल. पुढची मोकळी जागा १६ तारखेला.

मुदत १५.

११ ऑक्टोबर
घरी. पिशवी मीच आत आणली. काही झालं नाही. म्हणजे ही सगळी अंधश्रद्धाच, हे सिद्ध झालं.

१३ ऑक्टोबर
दोष कोणाचा, याची यादी केली. एस.टी. महामंडळ. आक्का. पंचांग. घाट. निपाणीचा रस्ता. ती ओकणारी बाई. (आक्का दोनदा आली, पण दोष दोन आहेत.) मीनाचं नाव लिहून खोडलं.

गल्लीत विचारतात, जमिनीचं काय झालं? सांगितलं, पाणी नव्हतं, नको म्हणालो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. सर्वपित्री अमावस्या
आज मुदत संपली. सकाळी म्हैस. भिंतीवर ताजी पिचकारी. गवळी म्हणाला, "आलासा व्हय?"

मनाशी ठरवलं आहे. तिकडे तरी काय आहे, नुसता बर्फ. नव्या उत्साहानं कामाला लागायचं. पहिलं काम म्हणजे ऑफिसच्या नव्या नोटिशीतल्या चुका काढणं. लाल पेन्सिल सापडेना. मीना पाणी आणायला गेली होती. पिठाच्या डब्यामागे हात घातला तर पेन्सिल नाही, एक शाळेची वही निघाली. वरच्या कोपऱ्यात शहाजादीभाभींची सही आणि दहापैकी आठ.

मीनाचं अक्षर. धिस इज अ कोट. इट इज कोल्ड. त्याखाली, माय नेम इज मिसेस मीना चौगुले. आय ॲम नॉट अफ्रेड ऑफ स्नो. एकच वाक्य वीस-वीस वेळा. पानंच्या पानं. जूनपासून.

पेन्सिलही वहीतच होती. शेवटच्या पानावर खुणेला ठेवलेली. तारीख ८ ऑक्टोबर. मी फेटा बांधून निघालो तो दिवस.

माय हजबंड हॅज गॉन टू कॅनडा. ही विल कम बॅक अँड टेक मी.

पेन्सिल हातात घेऊन पान दोनदा तपासलं. व्याकरणाची चूक एकही सापडली नाही.